तीन कॉर्ड आणि सोमवारची नोकरी

स्टेजवर आरडाओरडा आणि सोमवारी सकाळी लॅबमध्ये हजर! पंक रॉकवाल्यांची करिअर्स बघितली की 'बँड की नोकरी?' हा आपल्या घराघरातला प्रश्न जरा वेगळाच दिसायला लागतो.

मे महिन्यात केजला मावशीकडे गेले होते. लाइट गेलेली, म्हणून सगळे गच्चीवर. बाकीचे झोपल्यावर मावसभावाने कोपऱ्यातून सेकंडहँड गिटार काढली. स्वारी बी.एस्सी. झालेली, सध्या एमपीएससीचा अभ्यास 'चालू'. "ताई, ऐक," म्हणाला आणि सुटलाच. तीनच कॉर्ड, स्पीड भन्नाट आणि विषय काय? तर टँकरची रांग! दीड मिनिटात गाणं खल्लास.

"अरे, हे तर चक्क पंक आहे!" मी म्हटलं.

तो लाजला. मग हळूच म्हणाला, "ह्याच्यावर पोट भरतंय का, ताई? टेस्ट सिरीजचे पैसे ह्या गिटारीत गेलेत. आईला माहीत नाही अजून."

आता आली का पंचाईत! खोटं सांगून चालणार नव्हतं. मग रात्री एक वाजेपर्यंत त्याला पंकवाल्यांची करिअर्स सांगत बसले.

पोट? विसरा!

सुरुवात न्यूयॉर्कच्या रमोन्सपासून. १९७४ मध्ये जमलेली चार पोरं. १९७६ च्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी, सगळी मिळून जेमतेम २९ मिनिटांची. जगभरच्या पोरांनी ते ऐकून बँड काढले, पण अल्बम काही खपला नाही. अमेरिकेत त्याला 'गोल्ड'चा मान मिळाला तो थेट २०१४ मध्ये. मूळ चौघांपैकी तिघं तोवर गेलेले, चौथा टॉमी त्याच वर्षी गेला. त्यांच्या नावाचे टी-शर्ट मात्र मॉलमध्ये धडाक्यात खपतात. घालणाऱ्यांपैकी किती जणांनी गाणं ऐकलंय, देव जाणे!

लंडनच्या सेक्स पिस्टल्सचा जॉनी रॉटन, म्हणजे जॉन लायडन, १९७७ मध्ये राणीवर गाणं करून बदनाम झाला. तोच २००८ मध्ये टीव्हीवर लोण्याची जाहिरात करत होता. लोक हसले. त्याने त्या पैशांतून आपला दुसरा बँड पुन्हा उभा केला. 'द क्लॅश'चा बेसिस्ट पॉल सिमोनन चित्रकार झाला.

डॉक्टर पंक

खरी धमाल पुढे आहे. कॅलिफोर्नियाच्या डिसेंडंट्सचा गायक मायलो ऑकरमन कॉलेजला जायचं म्हणून बँडमधून बाजूला झाला. १९८२ च्या अल्बमचं नावच मुळी 'मायलो गोज टू कॉलेज'! पठ्ठ्याने जीवशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, वनस्पतींवर संशोधन करत नोकरी केली आणि मधूनमधून गातही राहिला. फुलटाइम गाणं २०१६ मध्ये. बॅड रिलिजनच्या ग्रेग ग्रॅफिनने २००३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून पीएच.डी. केली, विद्यापीठात शिकवलंसुद्धा. ऑफस्प्रिंगचा डेक्स्टर हॉलंड पीएच.डी. करता करता १९९४ मध्ये 'स्मॅश' अल्बममुळे स्टार झाला. एक कोटीच्या वर प्रती खपल्या. शिक्षण सुटलं. पण गडी परत गेला आणि २०१७ मध्ये एचआयव्हीवरचा प्रबंध पूर्ण करूनच आला. शिवाय त्याचा तिखट सॉसचा धंदाही आहे. (मावशीच्या ठेच्यापुढे टिकेल का, ही शंका भावाची.)

आपल्याकडेही हेच. पेंटाग्राम काही शुद्ध पंक नव्हे, पण मुंबईच्या या रॉक बँडचा विशाल ददलानी २००५ मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी फेस्टिव्हलमध्ये गायला आणि त्याच काळात शेखरबरोबर हिंदी सिनेमाला संगीतही देत होता.

बार्शीचा पंक

"हे सगळे फॉरेनचे नाहीतर मुंबईचे," भाऊ म्हणाला. बरोबर होतं त्याचं. मग मी त्याला जवळचं उदाहरण दिलं. केजहून कळंबमार्गे गेलं की बार्शी. तिथले अमर शेख. गिरणीत राबलेले, गाडीवर क्लीनर म्हणून काम केलेले. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकरांबरोबर त्यांनी लालबावटा कलापथक उभं केलं. तीन माणसं, साधी वाद्यं, खणखणीत आवाज आणि विषय रोजच्या जगण्याचे. पंक रॉक जन्मायच्या कितीतरी आधी! अण्णा भाऊसुद्धा गिरणी कामगार. पुढे त्यांच्या 'फकिरा' कादंबरीला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. अमर शेख १९६१ च्या 'प्रपंच' सिनेमात झळकले. यांनी काही आधी करिअर ठरवून मग गाणं केलं नव्हतं. सांगण्यासारखं होतं म्हणून गायले आणि पोटासाठी पडेल ते काम केलं.

मला वाटतं, पंकचा खरा फंडा हाच. गाण्याकडून पगाराची अपेक्षा नसली की गाणं कुणाला घाबरत नाही. पण मग पगार दुसरीकडून आणावा लागतो, आणि त्यात लाज वाटायचं कारण नाही. "अभ्यास सोडू नकोस, गिटार विकू नकोस," एवढंच मी त्याला म्हटलं. "आणि आईला सांग. ते मात्र तुलाच करावं लागेल."

सकाळी चहाच्या वेळी त्याने सांगून टाकलं. मावशी बराच वेळ गप्प. मी कपात डोकं घालून बसले होते. शेवटी म्हणाली, "पुढच्या वेळी पैसे मागशील तेव्हा बघते तुझ्याकडं."

कप विसळायला उठली आणि दारातून वळून म्हणाली, "अन् ते टँकरचं गाणं जरा हळू म्हण की. शब्दच कळंनात!"