स्थलांतरितांच्या घरातील महाभारत : दोन दूरचित्ररूपे आणि एक कुटुंब

एकाच महाकाव्याची दोन दूरचित्ररूपे जवळजवळ एकाच काळात ब्रिटनमधील भारतीय घरांत पोहोचली. पीटर ब्रूक यांनी १९८५ मध्ये फ्रान्समधील आव्हिन्यों येथे रंगभूमीवर आणलेल्या ‘महाभारता’चे चित्रित रूप १९८९ मध्ये तयार झाले. बी. आर. चोप्रा यांची ९४ भागांची हिंदी मालिका दूरदर्शनवर १९८८ ते १९९० या काळात चालली आणि पुढे बीबीसीनेही दाखविली. लंडनच्या साउथॉल भागातील एका हिंदू कुटुंबाने या दोन्ही रूपांना दिलेला प्रतिसाद मेरी गिलेस्पी यांनी अभ्यासला आहे. या कुटुंबाने मालिका भक्तिभावाने पाहिली. ब्रूक यांचे रूप मात्र त्याला आपले वाटले नाही.

श्रद्धाळू प्रेक्षकाला मानवी पातळीवरील महाभारत रुचत नाही, असा याचा सोपा अर्थ लावता येईल. परंतु तो अपुरा आहे. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’नेही (१९६७) महाभारतातील व्यक्तींकडे माणसे म्हणूनच, आणि निर्भीडपणे, पाहिले; मराठी वाचकाने त्या ग्रंथाचा आदर केला. मग फरक कशात आहे?

तो संहितेइतकाच तिच्या परिसरात आहे. मराठी वाचकाभोवती श्रीधरांचा ‘पांडवप्रताप’, कीर्तन, नाटक, आजीच्या तोंडची कथा अशी अनेक महाभारते नांदत असतात. त्यांत ‘युगान्त’ हे आणखी एक वाचन ठरते. त्याच्याशी वाद घालता येतो, कारण मूळ वारसा सुरक्षित असतो. स्थलांतरिताच्या घराला हा परिसर सहजी लाभत नाही. मुलांचे शिक्षण इंग्रजीत होते आणि परंपरा पुढच्या पिढीकडे सोपविण्याच्या कामाचा बराच भार दूरचित्रवाणीवर पडतो. शिवाय तेच चित्र शेजारचा परकीय प्रेक्षकही पाहत असतो. त्यामुळे पडद्यावरील रूप हे ‘एक वाचन’ न राहता वारशाचे प्रतिनिधी होऊन बसते. अनेक देशांतील नट घेऊन ब्रूक यांनी वैश्विकतेचा शोध घेतला. महाकाव्याला त्याच्या हिंदू संदर्भापासून तोडल्याचा आक्षेप रुस्तम भरूचा यांनी त्यावर घेतला. साउथॉलमधील कुटुंबाला तर नेमका हा संदर्भच हवा होता.

म्हणून रूपांतराचा तौलनिक अभ्यास मूलनिष्ठेच्या निकषावर थांबू शकत नाही. प्रेक्षकाजवळ त्या कथेची आणखी किती रूपे शिल्लक आहेत, हा प्रश्नही त्याला विचारावा लागतो.