टालिन : दोन गांवांचें एक शहर

बाल्टिक समुद्राचा एक फांटा पूर्वेकडे रशियाच्या बाजूस शिरला आहे. त्याला फिनलंडचें आखात म्हणतात. ह्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर एस्टोनिया देशाची राजधानी टालिन वसलेली आहे. पलीकडच्या किनाऱ्यावरील हेलसिंकीहून निघालेली आगबोट सुमारें दोन तासांत टालिनच्या बंदरास लागते. समुद्रावरून पाहणाऱ्यास प्रथम चर्चांचीं निमुळतीं शिखरें दिसतात, मग लाल कौलारू छपरें, तटाचे गोल बुरूज आणि सर्वांच्या मागें एक टेकडी. हा देखावा इतका एकसंध वाटतो कीं, बहुतेक प्रवासी एका दिवसांत तो पाहून परत जातात. परंतु हें एक गांव नव्हे. शेजारीं शेजारीं वाढलेलीं हीं दोन गांवें आहेत, आणि त्यांचें एकमेकांशीं शतकानुशतकें पटलेलें नाहीं. हें ध्यानांत घेतल्यावांचून गांवाच्या पोटांतच एक तट आणि दरवाजे कां आहेत, याचा उलगडा होत नाहीं.

टेकडीचें नांव टोम्पेआ. आपल्याकडील शब्दांत सांगावयाचें तर टोम्पेआ हा बालेकिल्ला आणि खालचें गांव ही पेठ. १२१९ सालीं डेन्मार्कचा राजा दुसरा वाल्डेमार यानें ही टेकडी जिंकली. एस्टोनियन भाषेंत ‘तानी लिन्न’ म्हणजे डेन लोकांचें गांव. त्यावरूनच टालिन हें नांव पडलें असें सामान्यतः मानतात. पुढें १३४६ सालीं डेन्मार्कच्या राजानें हा सारा मुलूख चक्क विकून टाकला आणि तो ट्यूटॉनिक पंथाच्या जर्मन सरदारांकडे गेला. टेकडीवर किल्लेदार, बिशप आणि जमीनदार राहत. खालीं जर्मन व्यापारी आणि कारागीर. पेठेला १२४८ पासून ल्यूबेक शहराचा कायदा लागू होता, आणि नंतर ती हान्सा नांवाच्या व्यापारी नगरसंघांत सामील झाली. पश्चिमेकडून मीठ व कापड यावें, पूर्वेकडून मेण व केसाळ कातडीं जावींत, आणि मधल्या उलाढालीवर पेठ गबर व्हावी, असा तो क्रम होता. ज्यांचा हा देश ते एस्टोनियन लोक मात्र दोन्ही ठिकाणीं धनी नव्हते. जमीनदारांचीं शेतें त्यांनीं कसावयाचीं आणि पेठेंत ओझीं वाहावयाचीं.

पेठेंतून टेकडीवर जाण्यास दोन जुन्या वाटा आहेत. एक लांब चढाची, तिचें नांव ‘पिक यालग’ म्हणजे लांब पाय. दुसरी अरुंद व उभी, ती ‘ल्युहिके यालग’ म्हणजे आंखूड पाय. एक पाय लांब व दुसरा आंखूड, म्हणून टालिन लंगडतें, असा तेथील लोकांचा जुना विनोद आहे. लांब पायाच्या तळाशीं दरवाजाचा चौकोनी बुरूज अद्याप उभा आहे. पंधराव्या शतकांत पेठकऱ्यांनीं ह्या अंगास तटही घातला. परका शत्रू बाहेरून यावयाचा, पण हा तट आहे टेकडीकडे तोंड करून!

ह्या वैराचें मूळ एका खटल्यावरून चांगलें कळतें. खेड्यांतून पळून आलेलें कूळ पेठेंत एक वर्ष व एक दिवस राहिलें कीं मोकळें होई, असा शहरी कायदा होता. जमीनदारांना तो अर्थातच सलत असे. योहान फॉन उक्स्क्यूल नांवाच्या बड्या जमीनदारानें आपल्या एका कुळास ठार केलें. टेकडीवर किंवा स्वतःच्या गढींत त्याच्या अंगास कोणी हात लावला नसता. परंतु तो पेठेच्या हद्दींत आला. पेठेच्या न्यायसभेनें त्याला धरलें आणि १५३५ सालीं त्याचा शिरच्छेद करविला. पेठकरी मोठे दयाळू होते म्हणून हें घडलें असें समजण्याचें कारण नाहीं. आपल्या हद्दींत आपलाच कायदा चालतो, हें त्यांना दाखवावयाचें होतें. तरीही एका शेतकऱ्याच्या जिवाबद्दल सरदाराचें डोकें जावें, ही गोष्ट त्या काळच्या युरोपांत लहान नव्हे. दोन्ही गांवांचा कारभार एक झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचविशींत.

पेठेंतील नगरभवन १४०४ सालीं पुरें झालें. त्याच्या शिखरावर ‘म्हातारा तोमास’ नांवाचा शिपाई १५३० पासून वाऱ्याची दिशा दाखवीत आहे. त्याच चौकांतील औषधालयाचा उल्लेख १४२२ च्या दप्तरांत सांपडतो, आणि तेथें आजही औषधें मिळतात. संत ओलाफच्या चर्चचें शिखर सुमारें १२४ मीटर उंच आहे. तें एके काळीं जगांत सर्वांत उंच होतें असें वाटाडे सांगतात. ह्या सांगण्यास आधार कच्चा आहे. संत निकोलसच्या चर्चांत मात्र अवश्य जावें. १९४४ च्या मार्चांत सोव्हिएट विमानांनीं टाकलेल्या बाँबांनीं तें जळालें. आंतील मोलाचीं चित्रें आधींच हलविलेलीं असल्यामुळें वांचलीं. त्यांत ल्यूबेकच्या बेर्न्ट नोट्के याचें ‘मृत्युनृत्य’ आहे. पोप, सम्राट, सम्राज्ञी, कार्डिनल आणि राजा, प्रत्येकाचा हात धरून एकेक सांगाडा नाचत आहे. आतां हें चर्च संग्रहालय झालें आहे.

टेकडीवर गेल्यावर राज्यकर्त्यांची पाळी दिसते. १५६१ पासून स्वीडन, १७१० पासून रशिया. किल्ल्यासमोरच झारशाहीनें १९०० सालीं कांद्यासारख्या घुमटांचें एक रशियन चर्च उभारलें; तें सुंदर आहे, परंतु कोणाच्या छातीवर उभें आहे हें विसरतां येत नाहीं. १९१८ सालीं एस्टोनिया स्वतंत्र झाला आणि किल्ल्याच्या आवारांत लोकसभा आली. १९४० सालीं सोव्हिएट संघानें देश गिळला. मध्यंतरीं तीन वर्षें जर्मनांचा अंमल होऊन पुन्हां सोव्हिएट सत्ता आली. ‘उंच हेर्मान’ बुरुजावर निळा, काळा, पांढरा असा राष्ट्रध्वज पुन्हां चढला तो २४ फेब्रुवारी १९८९ रोजीं, आणि १९९१ सालीं स्वातंत्र्य परत मिळालें.

टेकडीच्या उतारावर लिंडाचा पुतळा आहे. लोककथेंत टोम्पेआ ही कालेव्ह वीराची समाधि. त्याची विधवा लिंडा हिनें दगड वाहून ती रचली, आणि तिच्या आंसवांचें तळें झालें. तें युलेमिस्ते तळें शहराच्या दक्षिणेस असून गांवास पिण्याचें पाणी तेथूनच येतें. १९४९ च्या मार्चांत वीस हजारांहून अधिक माणसें एस्टोनियांतून सैबेरियाकडे नेण्यांत आलीं. उघड शोक करण्याची सोय नव्हती, म्हणून लोक गुपचूप लिंडाच्या पायाशीं फुलें ठेवीत. पुतळा साधाच आहे. तरी तेथें थोडें थांबावें.

शहराच्या पूर्वेस काड्रिओर्ग येथें पीटर झारनें १७१८ सालीं आरंभिलेला राजवाडा व बाग आहे. तेथून पुढें किनाऱ्यालगत गायनोत्सवाचें विस्तीर्ण मैदान लागतें. १८६९ सालीं टार्टू गांवीं सुरू झालेला हा उत्सव साधारणतः पांच वर्षांनीं येथें भरतो आणि हजारों कंठ एकदम गातात. १९८८ च्या सप्टेंबरांत ह्याच मैदानावर लाखाच्या वर लोकांनीं जमून आपलीं गाणीं गाइलीं व स्वातंत्र्याची मागणी केली. आणखी पुढें पिरिटा येथें १५७७ सालीं रशियन फौजांनीं उध्वस्त केलेल्या मठाची दर्शनी भिंत उघड्या आभाळाखालीं उभी आहे.

हिंवाळ्यांत दिवस सहा तासांचा असतो, तेव्हां हा फेरा उन्हाळ्यांत करावा. आणि अखेरचा अर्धा दिवस पश्चिमेकडील रोका अल मारे येथील उघड्या संग्रहालयासाठीं राखावा. देशाच्या निरनिराळ्या भागांतून उचलून आणलेलीं शेतकऱ्यांचीं लांकडी घरें तेथें झाडींत मांडलीं आहेत. जुन्या घराला धुराडें नसे. एकाच खोलींत भट्टी पेटवून वर आढ्याशीं वाशांवर धान्याच्या पेंढ्या वाळवीत, आणि त्याच धुराखालीं कुटुंब जेवी व निजे. टेकडीवरील जमीनदारांचीं कोठारें भरणारें आणि पेठेंतील गलबतें लादणारें धान्य ह्याच खोल्यांतून येत असे.