नांग्या भरणे

कापसाची लागवड झाली की आठवडाभरात कोंब वर येतात, पण सगळेच येत नाहीत. ओळीत मध्येच रिकाम्या जागा राहतात, त्या नांग्या. जाणता शेतकरी त्यांच्याकडे बघत बसत नाही. आठ-दहा दिवसांत तिथं पुन्हा बी टोचतो, नाहीतर पिशवीत वाढवून ठेवलेलं रोप आणून लावतो. उशिरा भरलेली नांगी हंगामभर मागंच राहते. शेजारची झाडं तिचं ऊन खातात.

हे काम आईबरोबर कितीदा केलेली मुलगी परभणीच्या कृषी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला येते, फळ्यावरचा 'गॅप फिलिंग' हा शब्द वहीत उतरवून घेते, आणि तिला तो कळत नाही. रात्री वसतिगृहात वरच्या वर्षाची ताई सांगते, “अगं, नांग्या भरणं!” मुलगी क्षणभर गप्प होते. जे हाताला पाठ होतं तेच डोक्याला परकं वाटत होतं.

परभणीचं कृषी महाविद्यालय १९५६चं. त्याच्या आधारानं १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ उभं राहिलं, आणि २०१३ साली, वसंतराव नाईकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्याला त्यांचं नाव मिळालं. 'परभणी क्रांती' भेंडी, 'परभणी मोती' ज्वारी, बदनापूरच्या तुरी, नांदेडचा एनएचएच-४४ कापूस ही नावं शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. वाणांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला लिहायचंय ते इथं शिकायला येणाऱ्या पोरांबद्दल, आणि त्यांच्या अभ्यासाला हात कोण देतं त्याबद्दल.

पदवीचं शिक्षण इंग्रजीतून. येणारी बरीच मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेतून, मराठी माध्यमातून आलेली, कित्येकांच्या घरातलं हे पहिलंच कॉलेज. मावा, तुडतुडे, फुलकिडे त्यांनी कपाशीच्या पानामागं बघितलेले असतात. वर्गात ते अ‍ॅफिड, जॅसिड आणि थ्रिप्स होऊन येतात. कोळपणी 'इंटरकल्टिव्हेशन' होते, विरळणी 'थिनिंग' होते. या मुलांना शेती येत नाही असं अजिबात नाही. शेतीची दुसरी भाषा येत नाही, आणि ती शिकायला वेळ लागतो.

तो वेळ गुणपद्धती देत नाही, हे खरं दुखणं. कृषी विद्यापीठांत विषयाला क्रेडिट असतात. '२+१' लिहिलं असेल तर आठवड्याला दोन तास व्याख्यान आणि एक प्रात्यक्षिक, मिळून तीन क्रेडिट. शंभरपैकी ७२ गुण पडले तर ७.२ गुणिले ३, म्हणजे २१.६ गुणांक. आठ सेमिस्टरच्या सगळ्या गुणांकांची बेरीज एकूण क्रेडिटनं भागली की येतो तो ओजीपीए. ८च्या पुढं विशेष प्रावीण्य, ७च्या पुढं प्रथम श्रेणी. आता गणित मांडून बघा. पहिल्या सेमिस्टरला इंग्रजीशी झुंजत एखाद्याला ५.८ पडले. पुढच्या सातही सेमिस्टरला त्यानं ८ काढले. क्रेडिट सगळीकडे सारखे धरले तर शेवटी येतात ७.७२५. विशेष प्रावीण्य हुकलं. ते गाठायला त्याला उरलेल्या सातही वेळा ८.३च्या वर राहावं लागलं असतं. साडेतीन वर्षं चांगला अभ्यास करूनही पहिले चार-पाच महिने त्याचा पिच्छा सोडत नाहीत.

क्रेडिट आणि सेमिस्टरची ही रचना अमेरिकेच्या कृषी विद्यापीठांकडून आपल्याकडे आली. १९६० साली पंतनगरला देशातलं पहिलं कृषी विद्यापीठ उभं राहिलं, तेव्हापासून ती रुळत गेली. तिकडं हुशार विद्यार्थ्यांच्या मानाच्या मंडळांची जुनी परंपरा आहे. शेतीच्या विद्यार्थ्यांचं 'अल्फा झीटा' १८९७ साली ओहायो स्टेट विद्यापीठात सुरू झालं, आणि अभ्यासाबरोबर नेतृत्व, चारित्र्य आणि मैत्री यांनाही त्यात मोल दिलं गेलं. आपण गुणांचं गणित आणलं, ती मंडळं तेवढी आणली नाहीत. आपल्याकडचा मान म्हणजे दीक्षान्त समारंभातलं सुवर्णपदक. राज्यपाल कुलपती या नात्यानं अध्यक्षस्थानी, मंडपात मागच्या खुर्च्यांवर गावाकडून आलेले आईवडील. त्या पदकाचा मला फार आदर आहे. पण ते एकाच्या गळ्यात पडतं आणि समारंभाबरोबर संपतं. मंडळात आलेल्यावर मागच्यांना पुढं आणण्याची जबाबदारी टाकता येते.

परभणीत ती जबाबदारी कुणी न टाकता उचललेली दिसते, आणि ती वसतिगृहात दिसते. वरच्या वर्षाच्या मुलाची वही झेरॉक्स होते, त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स. पानं फिकी होत जातात, समासातल्या खुणा वाढत जातात. कुणी 'लॉजिंग'खाली मराठी शब्द लिहिलेला असतो, कुणी 'हे हमखास येतं' म्हणून दोन रेघा मारलेल्या असतात.

कीटकशास्त्राच्या संग्रहाचंही तसंच. पहिल्या पावसानंतर दिव्याखाली किडे जमतात आणि मुलं बाटल्या घेऊन उभी राहतात. टाचणी कुठं टोचायची ते पुस्तकात आहे, पण हाताला येतं ते शेजारी बसून. भुंगेऱ्याला टाचणी उजव्या पंखातून, मधोमध नाही. फुलपाखराला छातीच्या बरोबर मध्यातून. खाली बारीक अक्षरात चिठ्ठी: ठिकाण, तारीख, कोणत्या पिकावर सापडला, कुणी पकडला. पेटीच्या कोपऱ्यात डांबराची गोळी, नाहीतर महिन्याभरात मुंग्या सगळा संग्रह फस्त करतात. “दादा, पाय तुटला,” असं रडवेल्या आवाजात म्हणणाऱ्याच्या हातातली टाचणी तिसऱ्या वर्षाचा मुलगा काढून घेतो आणि दुसरा किडा स्वतः लावून दाखवतो. शिकवणी म्हणतात ती हीच.

शेवटच्या वर्षाकडं हा अभ्यास वेगळं वळण घेतो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची जेआरएफ, बँकांची कृषी अधिकारी परीक्षा, एमपीएससीची कृषी सेवा. वाचनकक्षातली जागा धरून ठेवायला सकाळी लवकर उठावं लागतं. निकाल लागलेले माजी विद्यार्थी सुटीत येऊन प्रश्नपत्रिका सोडवून देतात. या टप्प्यावर मदतीची वाण नसते, कारण इथं पोचलेला मुलगा सगळ्यांना दिसतो. पहिल्या सेमिस्टरला मागच्या बाकावर गप्प बसलेला दिसत नाही.

म्हणून मला वाटतं, पदकवाल्यांचं आणि वरच्या वर्षांतल्या चांगल्या मुलांचं मान्यताप्राप्त मंडळ असावं, आणि त्याचं पहिलं काम पहिल्या सेमिस्टरच्या पहिल्या महिन्यात असावं. रोज संध्याकाळी तासभर, प्रत्येक विषयाचे शंभर शब्द मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत. या कामाचे तास धरावेत, त्याचं मानधन 'कमवा आणि शिका'सारख्या योजनेतून द्यावं. झेरॉक्सच्या भरवशावर चाललेलं हे काम फार मोलाचं आहे. ते कुणाला चांगली ताई भेटली आणि कुणाला नाही, यावर सोडू नये.

सातव्या सेमिस्टरला हीच मुलं कृषीदूत आणि कृषीकन्या होऊन गावात राहायला जातात. तिथं सगळं उलटं होतं. इंग्रजीत पाठ केलेलं पुन्हा मराठीत आणायचं. सोयाबीनची उगवणक्षमता दाखवायची असते. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचं, पाणी शिंपडत राहायचं. काही दिवसांनी गोणपाट उलगडतं आणि सगळे वाकून मोजतात. सत्तरच्या वर कोंब असले तर बियाणं पेरायचं. ओळीत मध्ये राहिलेला कडक दाणा म्हातारा शेतकरी नखानं उलटा करून बघतो.

त्या हंगामात पुढं कधीतरी, संध्याकाळी एका कृषीकन्येचा फोन वाजतो. पहिल्या वर्षाची मुलगी.

“ताई, लॉजिंग म्हणजे काय? डिक्शनरीत राहण्याची सोय असं दिलंय.”

“वारा-पावसानं ज्वारी लोळते ना, ते.”

“असं होय,” पलीकडून आवाज येतो, आणि पेन उघडल्याची टिचकी ऐकू येते.