पन्नासला गाडी थरथरते, चाळीसला का नाही?

आमचे थोरले बंधू ओतूरला कांदा करतात. १९९६ साली हंगामाअखेर दोन पैसे गाठीला राहिले, तेव्हा त्यांनी मुलुंडच्या एका पेन्शनर गृहस्थांकडून जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. घरातली पहिली मोटार. आईने नारळ फोडला, वहिनींनी हळदकुंकू वाहिले, आणि पोरांनी पहिल्याच दिवशी हॉर्न इतका वाजवला की त्याचा आवाज बसला. गाडी बारा वर्षांची होती, पण इंजिन खणखणीत. दोन महिने सुखाचे गेले.

पावसाळा संपता संपता गाडीने एक खोड काढली. चाळीसपर्यंत गुमान चालायची. काटा पन्नासकडे गेला की स्टेअरिंग हातात थरथरू लागे, साठला तर बॉनेटसुद्धा हले. आणि नवल असे की सत्तरच्या वर नेली तर थरथर पुष्कळ कमी होई. वहिनींनी स्पष्टच सांगितले, "पोरांना घेऊन मी या गाडीत घाटात बसायची नाही." दादा वरवर हसले, पण त्यांनाही ते पटले होते.

मग जे सगळ्यांचे होते तेच झाले. एकाने सांगितले टायर बदला. पुढचे दोन्ही टायर नवे घातले. आठ दिवस बरे वाटले, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दुसऱ्याने अलाइनमेंट करून दिली, तिसऱ्याने शॉक ॲब्सॉर्बर बदलले. कांद्याच्या एका टेम्पोची अख्खी पट्टी त्यात गेली आणि थरथर होती तिथेच राहिली. दुरुस्ती करणारे लबाड होते असे मी म्हणत नाही. त्यांनी आपापल्या परीने काम केले. पण आधी रोग ओळखावा आणि मग औषध द्यावे, हे कोणी केले नाही.

दिवाळीनंतर आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन मुंबईत करायचे ठरले. मी तेव्हा घाटकोपरला राहत होतो. ओतूरहून माळशेज उतरून, कल्याणमार्गे दादा गाडी घेऊन आले ते साऱ्या वाटेने चाळीसच्या वर न जाता. आईला दवाखान्यात दाखल केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादांना आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे घेऊन गेलो.

इथे थोडे पद्मिनीविषयी सांगितले पाहिजे, कारण आजच्या मुलांनी ती फक्त सिनेमात पाहिली आहे. ही गाडी घाटकोपरच्या शेजारच्याच कुर्ल्याची. सोलापुरात जन्मलेले आणि वालचंदनगरचा साखर कारखाना उभारणारे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी तिथे बनू लागली, आणि तिचेच नाव सत्तरच्या दशकात पद्मिनी झाले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी वर्षानुवर्षे याच गाडीच्या होत्या. २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. त्या टॅक्सींमुळे उपनगरांच्या गल्ल्यांतून पद्मिनीची नस न् नस जाणणारे मिस्त्री तयार झाले होते. आमचे मिस्त्री त्यांतलेच. मूळचे सातारकडचे, हयात घाटकोपरात गेलेली.

त्यांनी गाडीला हातही लावला नाही. आधी चहा मागवला आणि दादांना विचारू लागले.

"पाव्हणं, थरथर हातात येते की बुडाखाली?"

"हातात," दादा म्हणाले.

"मग खोट पुढं आहे. बुडाखाली आली असती तर मागची चाकं, नाहीतर प्रॉपेलर शाफ्ट बघितला असता. बरं, ब्रेक दाबल्यावर वाढते?"

"नाही."

"म्हणजे ब्रेकचे ड्रम सोडून देऊ. साठला असताना गिअर काढून गाडी नुसती सोडली तर थांबते?"

दादांनी हे करून पाहिले नव्हते. मिस्त्री शेजारी बसले आणि पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळी, कांजूरमार्ग करीत आम्ही मुलुंडपर्यंत जाऊन आलो. गिअर काढला तरी थरथर तशीच. म्हणजे इंजिन आणि गिअर यांचा संबंध नाही, चाकांचा आहे. पाच-सहा प्रश्न आणि एक फेरी, एवढ्यात निम्मी गाडी संशयातून सुटली होती. शिवाय खर्च काही नाही.

परत आल्यावर त्यांनी पहिल्यांदा चाकांचे नट पान्याने तपासले. नट ढिले असतील तर पुढचे सगळे शोध फुकट, आणि चाक निखळण्याची भीती वेगळीच. नट घट्ट होते. मग त्यांनी चाकाच्या आतल्या बाजूला हात घातला आणि मूठभर वाळलेला चिखल काढून दादांपुढे धरला. "हे शेत बरोबर घेऊन फिरता काय?"

शेतातल्या वाटेने गाडी गेली की रिमच्या आत चिखल बसतो. बाहेरून चाक धुतले तरी आतला तसाच राहतो आणि वाळून दगड होतो. पण मूठभर चिखलाने एवढी गाडी हलावी कशी, असे दादांनी विचारले. मिस्त्रींनी जे सांगितले ते मी नंतर कागदावर मांडून पाहिले. पद्मिनीचे चाक एका फेऱ्यात जवळजवळ दोन मीटर जाते. साठच्या वेगाला ते सेकंदाला आठ-नऊ फेरे घेते. रिमच्या कडेला एकाच जागी ५० ग्रॅम वजन जास्त असेल, तर या वेगाला ते चाकाला सुमारे अडीच किलोचा हिसका देते, आणि तोही सेकंदाला आठ-नऊ वेळा. तीसच्या वेगाला हाच हिसका चौथाईवर येतो. गोफणीत दगड जितका जोरात फिरवावा तितकी दोरी हाताला ओढते, तसेच हे.

मग सत्तरच्या वर तो कमी का वाटावा? याचे उत्तर नागपंचमीच्या झोक्यात आहे. झोक्याला स्वतःची एक लय असते. त्या लयीला धरून लहान पोराने धक्के दिले तरी झोका झाडाला टेकतो. अवेळी ढकलले तर मोठ्या माणसाच्या धक्क्यानेही तो नीट जात नाही. पुढच्या चाकांची आणि त्यांना जोडलेल्या दांड्यांची अशीच एक लय असते. चाकाचे हिसके ज्या वेगाला त्या लयीशी जुळतात, त्या वेगाला गाडी झोका घेते. त्याच्या खाली नाही, वरही फारसे नाही. म्हणून "किती वेगाला?" हा प्रश्न आधी.

मिस्त्रींच्या पोराने चारही चाके आतून खरवडून धुतली. पुन्हा फेरी मारली. थरथर तीन हिस्से गेली होती! दादा खूष. पाकीट काढून म्हणाले, "झाले की मिस्त्री, किती द्यायचे?"

मिस्त्रींनी पाकीट खिशात ठेवायला लावले. म्हणाले, "पाव्हणं, गुदगुल्या करणारा गेला. नाचणारा अजून आत आहे."

मला वाटते, या सगळ्या प्रकरणातले खरे मर्म याच एका वाक्यात होते. चाकातले कमीजास्त वजन हा धक्का देणारा. पण सांधे घट्ट असतील तर एवढ्याशा धक्क्याला ते दाद देत नाहीत. गाडी इतकी हलत होती, याचा अर्थ कुठेतरी सांधा ढिला झाला होता. नवे टायर घातले तेव्हा आठ दिवस बरे का वाटले, हेही त्यातच आले. धक्का कमी झाला होता, ढिलाई तशीच होती, आणि आठ दिवसांत चिखल पुन्हा भरला होता.

गाडी सपाट जागी घेतली, मागच्या चाकांना दगड लावले, पुढची बाजू जॅकने उचलून खाली लाकडी ठोकळे दिले. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. जॅक सरकला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही.) पहिल्यांदा चाक हाताने फिरवले आणि रिमजवळ विटेवर एक काडी धरली. चाक वाकडे असेल तर काडीपासूनचे अंतर कमीजास्त होताना दिसते. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवल्यावर ते असेच फिरवून पाहतात, दादांना ते नवीन नव्हते. रिम ठीक होती. टायरलाही कुठे फुगवटा नव्हता.

मग मिस्त्रींनी चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी दोन्ही हातांनी धरून हलवले. इथे खटखट लागली तर स्टेअरिंगच्या दांड्यांचे बॉल जॉइंट झिजलेले असतात. उजवे घट्ट, डावेही घट्ट. नंतर बारा आणि सहाच्या जागी धरून वरखाली झुलवले. उजवे चाक गप्प राहिले. डावे बोलले, "खट्, खट्." दादांचा चेहरा उतरला.

"आता ब्रेक दाबून धरा," मिस्त्री म्हणाले. दादांनी ब्रेक दाबला, मिस्त्रींनी पुन्हा चाक झुलवले. खटखट तशीच. ही युक्ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ब्रेक दाबला की ड्रम आणि त्यामागचा भाग एकमेकांना आवळले जातात. चाकाच्या बेअरिंगची ढिलाई असेल तर ती लगेच नाहीशी होते. राहिली, तर दोष त्याच्या मागे, म्हणजे किंगपिनमध्ये. पुढचे चाक ज्या उभ्या खिळीवर डावी-उजवीकडे वळते, ती किंगपिन.

ती खोलली तेव्हा बुश खाऊन गेलेले आणि आत ग्रीसचा थेंब नाही. दादा म्हणाले, "मी तर ग्रीस मारून घेत होतो." मिस्त्रींनी ग्रीसचे निपल दाखवले. त्याच्या तोंडात मातीचा बोळा बसला होता. ग्रीस मारले जात होते, पण आत न जाता बाहेरच थापले जात होते. दादा काही बोलले नाहीत. बैलगाडीचा आख कोरडा राहिला म्हणून ज्या माणसाने गड्याला दिवसभर बोल लावले होते, त्याच्याच मोटारीचा सांधा कोरडा फिरत होता.

किंगपिनचा नवा संच कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर, जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात मिळाला. बुश लेथवाल्याकडून मापात करून बसवले. त्यानंतर चाके बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवली, शिशाचे तुकडे लावले, आणि सर्वांत शेवटी अलाइनमेंट. अलाइनमेंट हे शेवटचे काम आहे, पहिले नव्हे. ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यात बिघडते. अलाइनमेंट चुकली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतात. पन्नासच्या थरथरीवर तो सहसा इलाज नसतो. तरी लोक आधी तिथेच पैसे घालतात.

आता गावोगाव पद्मिनी नाहीत. जुनी मारुती ८००, ओम्नी, जीप, पिकअप, हीच वाहने दिसतात. भाग वेगळे, पण विचारायचे प्रश्न तेच. मारुती ८०० ला किंगपिन नसते, तिथे बारा-सहाची ढिलाई खालच्या बॉल जॉइंटची असू शकते. तिची पुढची चाकेच इंजिनाने ओढली जातात, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबताना थरथर आणि सोडताच बंद, असे झाले तर आतल्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधे बघावेत. पिकअप बुडाखाली थरथरत असेल तर प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस तपासावेत. पेरणीच्या दिवसांत महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर खालून चपटे होतात. ती थोडे अंतर चालली की बहुधा आपोआप थांबते, तेव्हा लगेच खिसा मोकळा करू नये.

जुन्या जीपचे मात्र सांभाळून. तिचा पुढचा आख एकसंध असतो, त्यामुळे एका चाकाचा हिसका सरळ दुसऱ्याला पोचतो. सांधे ढिले असले आणि खड्डा लागला की स्टेअरिंग हातातून सुटेल इतके फटके मारू लागते. अशा वेळी त्याच्याशी झटापट करू नये, जोराचा ब्रेकही मारू नये. स्टेअरिंग घट्ट धरावे, ॲक्सिलरेटर सोडावा, वेग उतरू द्यावा आणि बाजूला घेऊन थांबावे. मग पोरांना उतरवून गाडी हळूहळू मिस्त्रीकडे न्यावी, वेशीपर्यंतच जायचे असले तरी.

आईच्या डोळ्यांची पट्टी सुटल्यावर दादा तिला घेऊन निघाले. मुलुंड सोडल्यावर त्यांनी काटा साठवर नेला आणि स्टेअरिंग दोन बोटांवर धरले, असे आईनेच नंतर सांगितले. जाताना त्यांनी बाजारातून एक हातातली ग्रीसगन घेतली होती. दर महिन्याला तारेने निपल साफ करायचे, ग्रीस आत जाऊन सांध्यातून जुने काळे बाहेर येईपर्यंत मारायचे, हा त्यांचा नेम झाला. पद्मिनी २००९ साली मोडीत गेली. ग्रीसगन ट्रॅक्टरच्या कामी अजून चालू आहे.