मोटारगाडीची थंडीतील निगा

हवेचे तापमान पाण्याच्या गोठणबिंदूच्या (०° से.) आसपास किंवा त्याखाली गेले असता मोटारगाडी सुरू होणे, चालविणे व सुरक्षितपणे थांबविणे शक्य व्हावे म्हणून मालकास विशेष काळजी घ्यावी लागते. उत्तर यूरोप, रशिया, कॅनडा, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा उत्तर भाग व जपानचे होक्काइडो बेट येथे ही काळजी दैनंदिन व्यवहाराचा भाग आहे. भारतात लडाख, काश्मीर, हिमाचल प्रदेशातील लाहूल-स्पिती व सिक्कीमचा उत्तर भाग या प्रदेशांत तिची गरज भासते. महाराष्ट्रात महाबळेश्वर येथील वेण्णा तलावाच्या परिसरात हिवाळ्यातील एखाद्या पहाटे गाडीच्या टपावर हिमकण आढळतात. परंतु ही थंडी थोडा वेळच टिकते व एंजिनास धोका पोहोचविण्याइतकी तीव्र नसते. उष्ण प्रदेशातील गाडी हिमालयीन भागात नेली जाते तेव्हा मात्र तिची पूर्वतयारी आवश्यक ठरते.

थंडीचा गाडीवर होणारा परिणाम मुख्यत्वे चार कारणांनी घडतो : पाणी गोठताना प्रसरण पावते, वंगण व इंधन घट्ट होते, विद्युत् घटमालेतील रासायनिक विक्रिया मंदावतात आणि काचेवर व रस्त्यावर बर्फाचा थर जमतो. यांपैकी बहुतेकांवरील उपाय थंडी पडण्यापूर्वीच योजावयाचे असतात; पहाटे घाईने केलेले उपाय पुष्कळदा निरुपयोगी व कधीकधी घातक ठरतात.

शीतक व गोठणरोधक : एंजिनातील उष्णता वाहून नेण्यासाठी त्याच्या सिलिंडरांभोवतीच्या पोकळ्यांतून व रेडिएटरमधून द्रव खेळविला जातो. हा द्रव म्हणजे नुसते पाणी असेल, तर ते गोठताना त्याचे घनफळ सु. ९ टक्क्यांनी वाढते आणि त्या दाबाने रेडिएटरच्या नळ्या फुटतात. एंजिनाच्या ओतीव ठोकळ्यासही तडा जाऊ शकतो. असा तडा गेलेले एंजिन बहुधा बदलावेच लागते. हे टाळण्यासाठी पाण्यात गोठणरोधक मिसळतात. पूर्वी यासाठी मिथेनॉल वापरीत. परंतु त्याचा उकळबिंदू सु. ६५° से. असल्यामुळे ते एंजिनाच्या उष्णतेने उडून जाई व संरक्षण नकळत नाहीसे होई. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून एथिलीन ग्लायकॉल प्रचारात आले. त्याचा उकळबिंदू सु. १९७° से. असल्याने ते टिकून राहते.

पाणी व एथिलीन ग्लायकॉल यांचे समभाग मिश्रण सु. –३७° से. पर्यंत गोठत नाही. शुद्ध ग्लायकॉल मात्र सु. –१३° से. ला गोठते, त्यामुळे गोठणरोधक जितके अधिक तितके संरक्षण अधिक, ही समजूत चुकीची आहे. मिश्रणातील प्रमाण तरकाट्याने किंवा प्रणमनांकमापकाने तपासता येते. उन्हाळ्यात वेळोवेळी नुसते पाणी भरल्याने मिश्रण विरल होते, म्हणून थंड प्रदेशात जाण्यापूर्वी ही तपासणी अवश्य करावी लागते. रेडिएटरचे झाकण एंजिन पूर्ण निवल्यावरच उघडतात. मिश्रणातील गंजरोधक द्रव्ये कालांतराने क्षीण होतात. यासाठी उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत शीतक बदलतात. एथिलीन ग्लायकॉल चवीस गोड पण अत्यंत विषारी आहे. शरीरात त्यापासून ऑक्झॅलिक अम्ल तयार होऊन मूत्रपिंडे निकामी होतात. सांडलेले शीतक कुत्री, मांजरे व लहान मुले यांच्या पोटात जाण्याचा धोका असल्यामुळे ते तत्काळ पुसून घ्यावे लागते.

विद्युत् घटमाला : शिसे-अम्ल घटमालेची उपयुक्त क्षमता सु. २७° से. ला पूर्ण मानली, तर ०° से. ला ती सु. ६५ टक्के आणि –१८° से. ला सु. ४० टक्के उरते. त्याच वेळी वंगण घट्ट झाल्याने एंजिन फिरविण्यास अधिक शक्ती लागते. उन्हाळ्यात कशीबशी काम देणारी जुनी घटमाला पहिल्याच कडाक्याच्या पहाटे निकामी होते, ती या दुहेरी कारणामुळे. घटमालेतील सौम्य सल्फ्यूरिक अम्लाचा गोठणबिंदू तिच्या भारणावर अवलंबून असतो. पूर्ण भारित घटमालेतील अम्ल –६०° से. च्याही खाली द्रवरूप राहते. पूर्ण विसर्जित घटमालेतील अम्ल मात्र –१०° से. च्या आसपास गोठू लागते व तिचे कवच फुटू शकते. म्हणून थंडीपूर्वी घटमालेची चाचणी घेणे, तिची अग्रे स्वच्छ करणे व ती पूर्ण भारित ठेवणे इष्ट असते.

गाडी सुरू करताना दिवे, पंखा व काच तापविणारी मंडले बंद ठेवतात आणि क्लच दाबून धरतात. प्रारंभक एका वेळी सु. दहा सेकंदांहून अधिक चालवीत नाहीत. दोन प्रयत्नांत थोडा अवधी सोडल्यास घटमाला काहीशी सावरते. दुसऱ्या गाडीच्या घटमालेची मदत घेताना ऋण तारेचे शेवटचे टोक बंद पडलेल्या गाडीच्या घटमालेस न जोडता तिच्यापासून दूर, एंजिनाच्या उघड्या धातूस जोडतात; कारण घटमालेतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेट घेतो. गोठलेली घटमाला याप्रकारे जोडणे किंवा भारित करणे धोक्याचे असते.

वंगण व इंधन : हाताने दांडा फिरवून एंजिन सुरू करण्याच्या काळात घट्ट झालेल्या वंगणामुळे हिवाळ्यातील हे काम अतिशय कष्टाचे होते. दांडा उलट फिरल्याने चालकांचे हातही मोडत. चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विद्युत् प्रारंभक १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत बसविण्यात आला व हा त्रास संपला. वंगणाच्या श्यानतेचा प्रश्न मात्र राहिला. तो बहुश्रेणी वंगणांनी पुष्कळसा सोडविला. ‘५डब्ल्यू-३०’ यासारख्या खुणेतील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळी गुणधर्म दर्शविते. त्यापूर्वीचा अंक जितका लहान तितके ते तेल थंडीत अधिक सहज वाहते. श्रेणीची निवड उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार करतात.

पेट्रोल नेहमीच्या थंडीत गोठत नाही. डीझेलमधील मेण मात्र स्फटिकरूपाने वेगळे होऊन गाळणी बंद पाडते. थंड देशांत यासाठी हिवाळ्यात निराळ्या प्रतीचे डीझेल पुरवितात. भारतात इंडियन ऑइल कॉर्पोरेशनने २०१९ मध्ये लडाखसाठी –३३° से. पर्यंत प्रवाही राहणारे डीझेल उपलब्ध केले. त्यामुळे सखल भागातून निघालेल्या डीझेल गाडीने उंचावरील मुक्कामापूर्वी स्थानिक हिवाळी इंधन भरून घेणे हितावह ठरते. डीझेल एंजिन सुरू करण्यापूर्वी तापन गुडद्यांचा दर्शक दिवा विझेपर्यंत थांबावे लागते.

अतिथंड प्रदेशांत एंजिन रात्रभर उबदार ठेवतात. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातील अँड्रू फ्रीमन यांना १९४९ मध्ये अशा एका विद्युत् तापकाचे एकस्व मिळाले. अलास्का, कॅनडा व फिनलंड येथील अनेक वाहनतळांवर तापकासाठी वीजजोडणीचे खांब असतात. सायबीरियातील याकूत्स्क येथे गाडीवर जाड गोधडीसारखे आवरण घालण्याची व काचांना दुहेरी थर बसविण्याची पद्धत आहे. मध्यम थंडीत मात्र उभ्या गाडीचे एंजिन दीर्घकाळ चालू ठेवण्याने लाभ होत नाही. आधुनिक एंजिन सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटाने संथ गतीने चालविल्यास लवकर तापते. उभे एंजिन निष्कारण तापविण्यास जर्मनीत कायद्याने बंदी आहे.

काचेवरील हिमकण : निरभ्र व निवांत रात्री काच आपली उष्णता प्रारणाने आकाशाकडे टाकते व सभोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. त्यामुळे हवा २° किंवा ३° से. असतानाही काचेचे तापमान शून्याखाली जाऊन हवेतील बाष्प तिच्यावर थेट बर्फरूपाने जमते. छपराखाली किंवा झाडाखाली ठेवलेल्या गाडीवर हे हिमकण कमी दिसतात, याचे कारण हेच. रात्री काचेवर आच्छादन घालणे हा सर्वांत सोपा उपाय होय. जमलेला थर प्लॅस्टिकच्या खरवडणीने किंवा अल्कोहॉलयुक्त द्रव फवारून काढतात. काचेवर उकळते पाणी ओतल्यास असमान प्रसरणाने ती तडकू शकते व ओतलेले पाणीही पुन्हा गोठते. गोठून चिकटलेले वायपर सुटे केल्याशिवाय चालू केल्यास त्यांचे रबर फाटते किंवा मोटर जळते. काच धुण्याच्या टाकीतही न गोठणारा द्रव असावा लागतो. काचेत फक्त एक लहान झरोका मोकळा करून गाडी हाकणे अत्यंत धोक्याचे आहे; ब्रिटन व जर्मनी येथे तो दंडनीय अपराध आहे. दारांच्या रबरी पट्ट्यांस सिलिकोन लावल्यास त्या चिकटत नाहीत. ओलसर थंडीत हातब्रेक आवळून ठेवल्यास तो गोठून अडकण्याचा संभव असतो. म्हणून सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांस अडण लावतात.

टायर व रस्ता : तापमान १०° से. ने उतरल्यास टायरमधील दाब सु. ०·१ बारने कमी होतो. त्यामुळे दाब थंड टायरमध्येच तपासून भरतात. सु. ७° से. च्या खाली सामान्य टायरचे रबर कडक होऊन त्याची पकड घटते. हिवाळी टायर फिनलंडमध्ये १९३४ साली प्रथम तयार झाले. त्यांचे रबर थंडीतही मऊ राहते. दाट बर्फात चाकांना साखळ्या बांधतात. त्यांचे एकस्व हॅरी वीड यांना १९०४ मध्ये मिळाले. रस्त्यावर मीठ टाकल्यास बर्फ वितळतो; मात्र –१०° से. च्या खाली त्याचा फारसा उपयोग होत नाही. या मिठाने गाडीचा तळ गंजतो, म्हणून तो वारंवार धुवावा लागतो.

सर्वांत फसवा असतो तो डांबरी रस्त्यावरील पारदर्शक बर्फाचा पातळ थर. तो ओल्या रस्त्यासारखाच दिसतो. पूल, बोगद्यांची तोंडे व डोंगराच्या सावलीतील वळणे येथे तो प्रथम जमतो. कोरड्या रस्त्याचा घर्षणांक ०·७ व बर्फाचा ०·१ धरल्यास ताशी ५० किमी. वेगाची गाडी ब्रेक दाबल्यापासून कोरड्या रस्त्यावर सु. १४ मी. अंतरात थांबते, बर्फावर तिला सु. १०० मी. लागतात. चारही चाके चालविणारी यंत्रणा गाडीस गती देण्यास साहाय्यक होते. थांबण्याचे अंतर मात्र तिने कमी होत नाही. यास्तव वेग कमी, पुढील वाहनापासूनचे अंतर अधिक आणि सुकाणू व ब्रेक यांचा वापर हळुवार, हेच नियम उपयोगी पडतात.

विद्युत् मोटारगाड्या : या गाड्यांत एंजिनाची वाया जाणारी उष्णता उपलब्ध नसल्याने आसनकक्ष तापविण्यासाठी घटमालेतील ऊर्जा खर्च होते व एका भारणात तोडता येणारे अंतर घटते. अतिथंड लिथियम-आयन घटमाला जलद भारित केल्यास तीत धातुरूप लिथियम साचून तिची हानी होते. म्हणून नियंत्रण यंत्रणा प्रथम घटमाला उबदार करते. निघण्यापूर्वी, गाडी वीजजोडणीवर असतानाच घटमाला व आसनकक्ष तापवून घेणे हा यावरील उत्तम उपाय होय. नॉर्वेसारख्या थंड देशात नव्या गाड्यांपैकी बहुसंख्य गाड्या आज विद्युत् असतात.

जीवितास धोका : थंडीतील काही अपघात गाडी उभी असतानाच घडतात. बंद गॅरेजमध्ये एंजिन चालू ठेवल्यास निष्कास वायूंतील कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्यास रंग किंवा वास नसतो. तो रक्तातील हीमोग्लोबिनाशी संयोग पावून शरीराचा ऑक्सिजन-पुरवठा तोडतो. हिमवर्षावात अडकलेल्या गाडीच्या निष्कास नळीचे तोंड बर्फाने बुजल्यास हाच वायू आसनकक्षात शिरतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या गिरिस्थानाच्या मार्गावर हिमवादळात अडकलेल्या गाड्यांत वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी काहींचा बळी या वायूने घेतल्याचे सांगण्यात आले. अशा प्रसंगी निष्कास नळीभोवतीचा बर्फ वारंवार दूर करतात, एंजिन थोडाथोडा वेळच चालवितात व एक खिडकी किंचित उघडी ठेवतात. एंजिनाच्या उबेवर विसंबून चालू गाडीत झोपणे टाळावे लागते. पुरेसे इंधन, पांघरुणे, पिण्याचे पाणी, विजेरी व फावडे जवळ असल्यास मदत येईपर्यंत गाडीतच थांबणे हे बर्फात पायी निघण्यापेक्षा बहुधा अधिक सुरक्षित ठरते.