पॉटीची घाई आमच्या अंगाशी आली

गेल्या वर्षी आमचा धाकटा पावणेदोन वर्षांचा झाला आणि घरात एकच विषय सुरू झाला : याचे डायपर कधी सुटणार? जूनपासून ज्या प्लेग्रुपला पाठवायचे होते, तिथे डायपर चालत नव्हते. दादी म्हणायच्या, "आमची पोरं वर्षाची झाली की सांगायला लागायची." आम्ही पॉटी आणली आणि दर तासाला त्याला बसवू लागलो.

चौथ्या दिवशी त्याने दादींच्या जानमाजवर शू केली. आम्ही ओरडलो. 'नापाक' हा शब्द त्या दिवशी इतक्या वेळा निघाला की पोर पडद्यामागे लपले. मग तो शी रोखू लागला. पाय आवळून, लालबुंद होऊन उभा राहायचा. पाच दिवस झाल्यावर डॉक्टरांकडे नेले. रोखलेली शी आतड्यात कोरडी होऊन कडक बनते, करताना दुखते, आणि दुखते म्हणून मूल आणखी रोखते. औषध मिळाले, आणि पॉटी सध्या माळ्यावर ठेवा, असा सल्लाही.

मशिदीत लघवी करणाऱ्या खेडुताची हदीस आम्हाला लहानपणापासून ठाऊक होती. लोक धावून गेले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना अडवले आणि त्या जागी बादलीभर पाणी ओतायला सांगितले. आम्ही पाणी आणण्याआधी आवाज चढवला होता.

बहुतेक मुले दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान तयार होतात, पण नुसते वय पाहून चालत नाही. लंगोट दोन तास कोरडा राहतो का? ओले झाल्याचे त्याला कळते का? चड्डी खाली ओढता येते का? 'चप्पल आण' म्हटले की आणतो का? आमच्याकडे तेव्हा यातले काहीच नव्हते. घरात नवे बाळ आले असेल, घर बदलले असेल, मूल आजारी असेल, तर थांबावे. भर पावसाळ्यातही सुरू करू नये, हे आमचे आपले मत. कोकणात जुलैमध्ये चड्ड्या वाळत नाहीत.

अडीच वर्षांचा झाल्यावर तोच आमचे बोट धरून मोरीकडे नेऊ लागला. तेव्हा पॉटी खाली काढली. मोठ्या संडासाच्या भोकाची लहान मुलांना भीती वाटते, म्हणून पॉटीच बरी, पण पाय जमिनीला टेकतील अशी. नाश्त्यानंतर थोड्या वेळाने बसवायचो, कारण पोटात अन्न गेले की आतडी हलू लागतात. पाच मिनिटे, बस्स. झाले नाही तर उठवायचे, चेहरा वाकडा न करता. मग पाण्याने धुणे, त्यासाठी डावा हात, नंतर साबण : तहारतीची सवय इथूनच लागते. मुलींना पुढून मागे धुवावे, म्हणजे शीतले जंतू लघवीच्या जागी जात नाहीत.

प्लेग्रुपचे ते वर्ष गेले. रात्रीचे डायपर अजून आहे, आणि पाच वर्षांपर्यंत रात्री अंथरूण ओले होणे नेहमीचेच, असे डॉक्टर सांगतात. दादी मात्र जानमाज आता कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवतात.