वाकडा वाडगा पुन्हा लेथवर

लाकडी वाडगा एका बैठकीत कातून होत नाही, हे ऐकून वर्गमित्रांना नवल वाटते. आमच्या घरात कॉलेजचे पुस्तक माझ्यापासून आले. पटाशी मात्र आजोबांच्याही आधीपासून आहे. म्हणून या विषयावर चार ओळी लिहिण्याचे धाडस करतो.

ओले लाकूड कातायला मऊ. म्हणून वाडग्याचा कच्चा घाट ओल्यातच काढतात, पण काठ जाड ठेवून : २० सेंटिमीटर व्यासाला २ सेंटिमीटर. मग तो भुशाच्या गोणीत, सावलीत, काही महिने. अधूनमधून वजन करावे. वजन उतरायचे थांबले की घाट वाळला.

गोणीतून निघतो तो लंबगोल. गिऱ्हाईक तो पाहून “बिघडला का?” म्हणते आणि अर्ध्या किमतीत मागते. बिघडलेला नसतो. लाकूड वाळताना तंतूंच्या लांबीत जवळजवळ आकसत नाही, आडवे मात्र चांगलेच आकसते. लाटण्यात तंतू लांबीने धावतात, म्हणून त्याचे फारसे काही होत नाही. वाडग्यात ते एका काठाकडून समोरच्या काठाकडे जातात. त्या दिशेचा व्यास २० चा २० राहतो, काटकोनातला १९ च्या आसपास येतो. पालथा घातला तर डुगडुगतो. आणि चकात धरण्यासाठी बुडाला ठेवलेला खुंटही लंबगोल झालेला असतो. असा खुंट चकाच्या जबड्यांत नीट धरला जात नाही. लेथ फिरला की वाडगा सुटून अंगावर यायचा.

तेव्हा चक आधी बाजूला ठेवावा. घाट बोटाने वाजवून पाहावा. बद्द आवाज आला, तडा दिसला, तर तो चुलीचा. चांगला असेल तर फेसप्लेटवर लाकडी तबकडी बसवून, मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालून, तिला वाडग्याचे तोंड टेकवावे आणि टेलस्टॉकचे टोक बुडावरच्या जुन्या मध्यखुणेत दाबावे. मग हाताने सावकाश फिरवीत पाहावे. लांब व्यासाची दोन्ही टोके टूलरेस्टपासून सारख्या अंतरावर यावीत. आखूड व्यासाचीही आपसांत सारखी. नसतील तर टेलस्टॉक जरा सैल करून हाताने हलकी थाप. वाडगा सगळीकडून सारखा फिरणारच नाही. वाकडेपणा समोरासमोर सारखा वाटून द्यायचा, एवढेच आपल्या हाती. मध्य साधला तर बाहेरून १९ चे आणि आतून १६ चे वर्तुळ निघते, काठ दीड सेंटिमीटर राहतो. मध्य ५ मिलिमीटर चुकला तर जेमतेम १. अर्थशास्त्राच्या तासाला ‘घसारा’ शब्द आला की मला लेथखालचा ढीग दिसतो, तो यामुळे.

प्रथम खुंट गोल करावा, मग बाहेरची बाजू. वेग कमीच, कारण तोल नसल्याने लेथ थरथरतो. पटाशी सुरुवातीला क्षणभर लाकडात, क्षणभर हवेत. टकटक आवाज येतो. हवेच्या जागी ती पुढे ढकलू नये, टूलरेस्टवर घट्ट धरावी. टकटक जाऊन सलग सरसर ऐकू आली की बाहेरून गोल झाला. आता वाडगा उलटा करून नवा खुंट चकात धरावा, आत कातावे आणि काठ ७-८ मिलिमीटरवर आणावा. पावसाळ्यात तो पुन्हा केसभर हलतो, पण तेवढे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना दिसत नाही.